'बनगरवाडी'विषयी मतभेद : एक विचार

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख लिहून द्यावा, अशी संपादक मंडळींची सूचना आली, तेव्हा सुभेदार मल्हारराव होळकर किंवा पुण्यश्लोक अहिल्यादेवी यांच्या चरित्रातील एखादा प्रसंग निवडावा, असे आमच्या मनात प्रथम आले. अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे झाला. त्यास २०२५ साली तीनशे वर्षे पूर्ण झाली व त्या निमित्ताने थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहिले. त्यात आमच्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, सारा जन्म खेड्यातील शाळांत घालविलेल्या शिक्षकाने आणखी काय भर घालावी? म्हणून आम्ही दुसराच विषय हाती घेतला आहे. तो राजवाड्यातला नाही, वाडीतला आहे. वाचकांनी तो गोड मानून घ्यावा, ही प्रार्थना.

निमित्त असे घडले. मंडळाच्या गेल्या मेळाव्यात रात्रीच्या भोजनानंतर 'बनगरवाडी' हा चित्रपट पडद्यावर दाखविण्यात आला. कै. व्यंकटेश माडगूळकर यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवरून श्री. अमोल पालेकर यांनी हा चित्रपट १९९५ साली दिग्दर्शित केला. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ व दूरदर्शन या संस्थांनी तो निर्माण केला, आणि त्या वर्षीचा उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास मिळाला. चित्रपट संपला, दिवे लागले, आणि जो वाद सुरू झाला तो मध्यरात्र उलटली तरी मिटेना. एरवी वर्गणीचा हिशेब व वधूवर सूचीपलीकडे ज्यांचे बोलणे जात नाही, अशी मंडळीही त्या रात्री हिरिरीने बोलली. त्या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु त्यातील पक्ष कोणते, त्यामागे इतिहास कोणता, आणि त्या रात्री एका माणसाने जे सांगितले त्यामुळे आमची झोप का उडाली, हे नमूद करून ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

तीन पक्ष

पहिला पक्ष वडीलधाऱ्या मंडळींचा. त्यांचे म्हणणे असे की, ज्या समाजाने इंदूरचे राज्य उभारले, ज्या समाजातील एका स्त्रीने काशीपासून सोमनाथपर्यंत देवळे व घाट बांधले, त्या समाजाची ओळख जगाला घोंगडी, काठी, अज्ञान आणि दुष्काळ एवढ्यावरच व्हावी काय? कादंबरीकार व दिग्दर्शक दोघेही आपल्या समाजाबाहेरचे. त्यांना आपल्यातले भोळेपण दिसले, कर्तृत्व दिसले नाही. एका सद्‌गृहस्थांनी तर असे विचारले की, परगावचे पाहुणे मेळाव्यास आले असता त्यांच्यापुढे आपले दारिद्र्य मांडण्याचे प्रयोजन काय होते? ह्या प्रश्नावर पुष्कळांनी माना डोलाविल्या, हे लपविण्यात अर्थ नाही.

दुसरा पक्ष तरुणांचा. पुण्यास किंवा सांगलीस शिकणाऱ्या ह्या मुलांची तक्रार निराळीच होती. चित्रपट संथ आहे. खलनायक नाही, मारामारी नाही, शेवटही रडका. त्यांनी २०१५ साली प्रदर्शित झालेल्या श्री. भाऊराव कऱ्हाडे यांच्या 'ख्वाडा' ह्या चित्रपटाचा दाखला दिला. त्यातही भटका मेंढपाळच आहे, परंतु तो अन्यायापुढे उभा राहतो. बनगरवाडीचे लोक मात्र सारे निमूटपणे सोसतात, असा ह्या मुलांचा आक्षेप.

तिसरा पक्ष वाचकांचा. तो लहान, बहुधा आमच्यासारख्या शिक्षकांचा. त्यांना पुस्तक प्राणप्रिय असल्यामुळे चित्रपट फिका वाटला. पुस्तकात जे मनात उमटते ते पडद्यावर डोळ्यांसमोरून सरकून जाते, असे त्यांचे मत. ह्या पक्षाचे अध्यक्षपद, वाचकांनी ओळखले असेलच, त्या रात्री आमच्याकडे होते.

पुस्तकामागील इतिहास

वाद समजावून घेण्यासाठी प्रथम काळ ध्यानात घेतला पाहिजे. येथे एक नव्हे, तीन काळ आहेत. कथा घडते ती दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराच्या औंध संस्थानात. कादंबरी प्रसिद्ध झाली १९५५ साली. चित्रपट आला त्यानंतर चाळीस वर्षांनी. आणि आम्ही तो पाहून भांडलो, त्यास आणखी तीस वर्षे लोटली आहेत.

औंध हे जेमतेम बहात्तर गावांचे संस्थान, तेही सलग नव्हे. औंध, आटपाडी, कुंडल असे त्याचे तुकडे दूरदूर पडलेले. आटपाडीचा मुलूख माणदेशातला, पर्जन्यछायेतला. पाऊस आला तर बाजरी, नाही आला तर स्थलांतर, हा तेथील जुना नियम. संस्थानाचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे मोठे विलक्षण पुरुष होते. स्वतः चित्रकार असून औंधचे प्रसिद्ध संग्रहालय त्यांनीच उभारले. सूर्यनमस्काराचा प्रसार हा त्यांचा ध्यास होता, आणि आपल्या राज्यातील प्रत्येक मुलाने नमस्कार घालावेत यासाठी ते स्वतः गावोगाव हिंडत. १९३९ साली त्यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविणारी घटना दिली व ग्रामपंचायती हा तिचा पाया ठरविला. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांसाठी भिंतीवाचूनचा तुरुंग सुरू झाला. तीच कल्पना पुढे १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' ह्या चित्रपटाच्या रूपाने देशभर गेली, आणि तिचे कथालेखक होते व्यंकटेशरावांचे थोरले बंधू ग. दि. माडगूळकर. संस्थान १९४८ साली विलीन झाले.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, 'बनगरवाडी'तील पुष्कळसे प्रसंग ह्या पार्श्वभूमीवाचून नीट उमगत नाहीत. राजाराम विठ्ठल सौंदणीकर नावाचा कोवळा तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर बदलून येतो. शाळा ओस पडलेली आहे. पोरे कोकरांमागे. वाडीचा कारभारी त्याला हाताशी धरतो आणि शाळा भरू लागते. हळूहळू मास्तर हा मास्तर राहत नाही. वाडीचा लेखनिक, सावकाराकडचा मध्यस्थ, तंटे मिटविणारा, पैसा सांभाळणारा, सर्व काही तोच होतो. त्याच्या पुढाकाराने साऱ्या वाडीने अंगमेहनत करून तालीम बांधली, आणि तिच्या उद्‌घाटनास प्रत्यक्ष राजेसाहेब आले. शहरी वाचकांस हा प्रसंग गोड कल्पना वाटतो. परंतु औंधच्या राजांचा व्यायामाचा ध्यास ज्यांस ठाऊक आहे, त्यांस त्यात नवल वाटणार नाही. त्या मुलखात असा राजा खरोखरीच होता.

व्यंकटेशरावांचा जन्म १९२७ सालचा, आटपाडी तालुक्यातील माडगुळ्याचा. ज्या वर्षी वडील बंधूंचे 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले, त्याच वर्षी धाकट्याची ही कादंबरी निघाली, हाही एक योगच. १९५८ साली श्री. राम देशमुख यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला. त्या अनुवादाला दिलेल्या नावाचा अर्थ 'ज्या गावाला तट नव्हता' असा होतो. ते नाव आम्हांस फार समर्पक वाटते. तट नसलेल्या गावात कोणीही येऊ शकतो, हे त्या नावात आहे. आणि तट नसला म्हणजे गाव कोणत्याही वाटेने विखरूनही जाते.

आक्षेपांचा विचार

आता पहिल्या पक्षाचा आक्षेप घेऊ. आपल्या समाजाचे दारिद्र्य दाखविले म्हणून अपमान झाला, ही भावना केवळ आपलीच आहे असे नव्हे. 'बनगरवाडी' ज्या वर्षी पुस्तकरूपाने निघाली, त्याच १९५५ साली बंगालमध्ये सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' हा चित्रपट आला. तोही विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या १९२९ सालच्या कादंबरीवरून. जगभर त्याचा गौरव झाला. तरीही राय हे देशाचे दारिद्र्य परदेशी विकतात, असा आरोप पुढे १९८० साली नर्गिस दत्त यांच्यासारख्या नामवंत अभिनेत्रीने केला. कर्नाटकात तर याहून कडक प्रसंग आला. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या 'संस्कार' ह्या कादंबरीवरून १९७० साली त्याच नावाचा चित्रपट निघाला. माध्व ब्राह्मणांच्या एका अग्रहारातील आचारधर्माचे त्यात जे चित्रण होते, त्यामुळे चित्रपटावर प्रथम बंदी आली. ती उठल्यानंतर त्याच चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा ज्ञाती उच्च म्हणविणारी असो की आपल्यासारखी रानोमाळ हिंडणारी, आरशात पाहताना प्रत्येकीस थोडे टोचतेच.

परंतु आमचा ज्येष्ठांस नम्र प्रश्न असा की, 'बनगरवाडी'त अपमान नेमका कोठे आहे? कारभारी हा अडाणी आहे, पण लाचार आहे काय? त्याच्या एका शब्दावर वाडी चालते. आपली मुलगी अंजी हिच्यावरून मास्तरविषयी संशय येताच तो मास्तरशी बोलणे टाकतो. तेथेही त्याचा राग एका मानी बापाचा आहे. चित्रपटात ही भूमिका चंद्रकांत मांढरे यांनी केली. १९५२ सालच्या 'छत्रपती शिवाजी' चित्रपटात महाराजांची भूमिका करणारे ते हेच चंद्रकांत. ज्या नटाने डोक्यावर जिरेटोप धारण केला, त्याने वार्धक्यात आपल्या कारभाऱ्याची घोंगडी खांद्यावर घेतली, आणि ती त्याच तोलाने घेतली. ह्यात आपली मानहानी झाली असे आम्हांस तरी वाटत नाही.

पुस्तकात आणखी एक प्रसंग आहे. शेकू नावाच्या माणसाकडे औताला दुसरा बैल नाही, म्हणून त्याची बायको बैलाच्या जागी जुवाखाली मान देते. वाद चालू असताना ह्या प्रसंगाचा उल्लेख निघाला व एकाने 'आपल्या बायकांची अशी विटंबना' असे शब्द काढले. तेव्हा बायकांच्या बाजूने एक वृद्ध मावशी पदर सावरीत म्हणाल्या, "इटंबना कसली रं बाबा? आमी वढलंय अवत. पोरं जगवायची हुती." एवढे बोलून त्या खाली बसल्या. त्यावर कोणासच काही सुचले नाही. जे त्या माउलीने करून दाखविले त्याची लाज तिला नव्हती. लाज वाटत होती ती तिच्या कष्टांवर शिकून पांढरपेशा झालेल्या आम्हां मंडळींस.

तरुणांच्या आक्षेपात तथ्य नाही असे नव्हे. चित्रपट संथ आहे हे खरे. परंतु मेंढरांचा चालही संथच असतो, आणि जो कधी कळपामागे चालला आहे त्याला त्या गतीचे वावडे वाटू नये. बनगरवाडीचे लोक निमूट सोसतात, हेही पूर्ण खरे नाही. अवर्षणाशी काठी घेऊन भांडता येत नाही. कळप वाचवायचा तर चालू लागणे हाच तेथे पराक्रम असतो. ज्या समाजाने शतकानुशतके पाऊस हुकताच बिऱ्हाड घोड्यावर लादले, वाघूर गुंडाळली, आणि नव्या रानात परक्या पाटलाच्या शेतात खतासाठी मेंढरे बसवून पोटाला धान्य मिळविले, तो समाज निमूट कसा म्हणावा? तरुणांना 'ख्वाडा' आवडतो याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु त्या चित्रपटाची वाट पुष्कळ वर्षांपूर्वी कोणीतरी मळून ठेविली होती, एवढे त्यांनी विसरू नये.

राहिला आमचा पक्ष. कादंबरी मास्तराच्या तोंडून सांगितलेली आहे. वाचताना आपण त्याच्या डोळ्यांनी वाडीकडे पाहतो. तो परका आहे, कोवळा आहे, चुकतो, घाबरतो, शिकतो, आणि त्याच्याबरोबर वाचकही. चित्रपटात मास्तर पडद्यावर दिसू लागला की तो इतरांतला एक होतो. जे मनात चालले होते ते चेहऱ्यावरून ओळखावे लागते. हे माध्यमाचेच बंधन आहे, त्याचा दोष दिग्दर्शकाकडे जात नाही. उलट, जे लिहावाचावयास कधीच शिकले नाहीत अशा आमच्या आईबापांच्या पिढीस ही कादंबरी कोणत्या मार्गाने भेटली असती? ती मावशी पुस्तक वाचू शकत नाही. त्या रात्री तिने आपले म्हणणे मांडले, ते चित्रपट पाहिला म्हणूनच. हे ध्यानात आल्यावर आमच्या पक्षाचे अध्यक्षपद आम्ही मनोमन सोडून दिले.

चौथे मत

तथापि त्या रात्रीचे खरे मत चौथेच होते. सभागृहाच्या दाराशी, चपलांजवळ एक मनुष्य बसला होता. वय पन्नाशीच्या आतबाहेर, डोक्यास फेटा, पायांस लांबच्या चालण्याच्या भेगा. बोलण्याचा आग्रह कोणी केला नव्हता. तो आपणहून उभा राहिला आणि म्हणाला, "समद्यांचं आयकलं. मला येवढंच म्हनायचं हाय, त्या मास्तरानं पोरं गोळा केली. आमच्या मास्तरानं आमची नावं खोडली." आणि तो बसला.

आम्ही त्यास ओळखले. तो मास्तर आम्हीच होतो.

हकीकत अशी. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी एका वस्तीवरील एकशिक्षकी शाळेत आमची नेमणूक होती. आम्हीही धनगराच्याच पोटी जन्मलो. आमचे वडील मेंढरे राखीत. पण आमचे मामा गावात स्थिर झालेले, त्यांच्याकडे राहून आम्ही शिकलो, म्हणून शिक्षक झालो. वस्तीवर पटसंख्या चांगली असे, ती दिवाळीपर्यंत. दिवाळी झाली की वाडे हलत. कोणी कोकणच्या बाजूस उतरे, कोणी कृष्णाकाठी, कोणी भीमेच्या खोऱ्यात. मुले आईबापांबरोबर जात. हजेरीपत्रकात त्यांच्या नावांपुढे आम्ही गैरहजेरीच्या खुणा करीत असू, आणि त्या फार वाढल्या की तांबड्या शाईने नाव कमी करीत असू. तसा नियम होता. नियम मोडण्याचे धैर्य आमच्या अंगी नव्हते, आणि खरे सांगायचे तर तसा विचारही मनात आला नव्हता. पट लहान झाला म्हणजे हजेरीची टक्केवारी चांगली दिसे व तपासणीस आलेले साहेब शेरा बरा देत.

एका आषाढात, पहिल्या पावसानंतर, नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा शाळेच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. हिशेबात तो हुशार होता. मेंढरांच्या गणतीत वाढलेल्या पोरास आकडे शिकवावे लागत नाहीत. त्याने विचारले, "गुरुजी, माजं नाव हाय का?" आम्ही हजेरीपत्रक उघडले, पाहिले व 'नाही' म्हणालो. दाखला नव्याने भरावा लागेल, वडिलांना घेऊन ये, असे सांगितले. वडील रानात होते. तो मान हलवून गेला, तो पुन्हा आला नाही. त्याच्या घरापर्यंत जाण्यास आम्हांस पंधरा मिनिटे लागली असती. आम्ही गेलो नाही.

सभा संपल्यावर तो आमच्याजवळ आला, पाया पडला आणि ओशाळून म्हणाला, "गुरुजी, तुमास्नी लागलं का? तसं म्हनायचं नव्हतं मला. पिच्चर बघून त्वांडातनं गेलं." आम्ही त्याचा हात धरला, पण शब्द फुटले नाहीत. त्याची मुलगी आता बारावीस आहे, असे त्यानेच सांगितले. तिच्यासाठी त्याने वाटेवरच्या फिरस्तीतून बायकोस व मुलीस काढून गावात ठेविले, आणि स्वतः एकटा गड्यांबरोबर कळपामागे जातो.

त्या रात्री घरी येऊन आम्ही कादंबरी पुन्हा उघडली. तिचा शेवट सर्वांस ठाऊक आहे. कारभारी जातो, पाऊस पाठ फिरवितो, मेंढरे मरतात, माणसे वाडी सोडून निघून जातात, आणि ओस पडलेल्या शाळेतून मास्तरही निघतो. आजवर आम्ही तो शेवट मास्तराचे दुःख म्हणून वाचीत आलो होतो. शिक्षक ना आम्ही! त्या रात्री प्रथमच मनात आले की, वाडी सोडून निघालेल्या त्या माणसांबरोबर राजारामाच्या शाळेतली मुलेही गेली असतील. ती कोठे गेली? त्यांनी पुन्हा पाटी हाती धरली का? त्यांची नावे कोणी खोडली? पुस्तक तेथवर जात नाही, कारण मास्तर तेथवर गेला नाही. चित्रपटही पुस्तकाच्याच मागून जाणार. त्यापुढचा इतिहास ठाऊक आहे तो आपल्याला, कारण ती मुले म्हणजे आपणच.

समारोप

म्हणून ह्या वादात आमचे मत काय, असे कोणी विचारल्यास आम्ही एवढेच म्हणू : माडगूळकरांनी आपला अपमान केला नाही. एक परका मनुष्य तट नसलेल्या वाडीत आला, त्याने डोळे उघडे ठेवून पाहिले, आणि जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहिले. त्याने लिहिले नसते, तर महायुद्धाच्या सुमाराची माणदेशातली धनगर वाडी कशी होती, तिच्यात तालीम कशी उभी राहिली, शाळा कशी भरली आणि कशी ओस पडली, हे आज आपल्याला कोणत्या कागदावर सापडले असते? आपल्या ओव्यांत बिरोबा-खंडोबाची चरित्रे आहेत. त्याही ओव्या गोळा करण्यासाठी गुंथर सोंथायमर यांच्यासारखा जर्मन पंडित (१९३४–१९९२) वर्षानुवर्षे आपल्या वाड्यांतून फिरला. परके येऊन लिहून गेले, हा त्यांचा अपराध होत नाही. त्यांनी जेथे लेखणी ठेविली, तेथून पुढे आपण ती उचलली नाही, हा दोष मात्र आपल्या पदरी आहे.

दिवस पालटले आहेत. आटपाडीच्या माळावर टेंभू योजनेमुळे कृष्णेचे पाणी आले, डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यानुसार शाळेबाहेर राहिलेल्या मुलास त्याच्या वयाच्या वर्गात घ्यावेच लागते. तो कायदा आमच्या काळी असता तर बरे झाले असते, असे म्हणून आम्ही आमची सुटका करून घेणार नाही. उंबऱ्याशी उभ्या असलेल्या मुलाला आत घेण्यासाठी कायदा लागत नाही.

तेव्हा मंडळापुढे आमच्या दोन विनंत्या आहेत. पहिली अशी की, समाजातील सत्तरीपलीकडील स्त्रीपुरुषांना भेटून त्यांच्या वाड्यांच्या वाटा, मुक्कामांची गावे, दुष्काळांच्या आठवणी, मेंढरांच्या जाती, औषधे, ओव्या व गीते तरुणांनी उतरून घ्यावीत, आणि दर वर्षी स्मरणिकेत त्यांस काही पाने द्यावीत. ती माणसे आज आहेत, उद्या नसतील. दुसरी अशी की, दिवाळीनंतर ज्या कुटुंबांचे वाडे हलतात, त्यांच्या मुलांची एक यादी मंडळाने करावी, आणि आषाढात ती परतली म्हणजे प्रत्येकाच्या घरी जाऊन त्याचे नाव शाळेत आहे की नाही हे पाहावे. ह्या दुसऱ्या कामासाठी एक सेवानिवृत्त शिक्षक विनावेतन हजर आहे. त्याचे गुडघे दुखतात, पण पंधरा मिनिटांची वाट त्यास अजून चालवते.

पुढील मेळाव्यात 'बनगरवाडी' पुन्हा दाखवावा, अशीही आमची सूचना आहे. त्या मावशींस व त्या गृहस्थांस पुढच्या रांगेत बसवावे. मतभेद पुन्हा होतील, होऊ द्यावेत. लेख लांबला, त्याबद्दल क्षमस्व.